देश साडेसहा टक्क्यांनी वाढतोय, मग आमचे माग भंगारात का चाललेत?

मागवाल्याचा_धाकटा (सोमवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, घर इचलकरंजीचं. वडलांनी १९८६ साली चार साध्या मागांवर सुरुवात केली, वाढत वाढत चोवीस झाले. आम्ही खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे, आणि मजुरी पिकावर (पीक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी). आता सगळं दादा बघतो. गेल्या महिन्यात त्याने बारा माग काढले. मी त्या दिवशी घरीच होतो. भंगारवाल्याची माणसं घण घेऊन आली, सांगाडे फोडले, तुकडे काट्यावर चढवले आणि किलोने हिशेब केला. बारा मागांची पावती एका पाठकोऱ्या कागदावर बसली. आता शेडच्या त्या अर्ध्या भागात फरशीवर तेलाचे काळे डाग राहिलेत. आई सोड्याने घासते, जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात टीव्हीवर कुणी तरी सांगत होतं की २०२४-२५ मध्ये देशाची अर्थव्यवस्था साडेसहा टक्क्यांनी वाढली. आकडा खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. मग ही वाढ आमच्या गावाच्या वेशीपर्यंत येऊन कुठे वळते? माझ्या लहानपणी पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरायचा. आता त्याच गल्लीत तीन शेडची गोदामं झालीत आणि एकीत जिम आहे.

व्यवहाराचा प्रश्न असा, की उरलेले बारा ठेवायचे की काढायचे? दादा मला विचारतो, आणि मला काही सुचत नाही.

बुचकळा (सोमवार, रात्री ९:२०)

पहिला! धागा कितीच्या काउंटचा आहे? फार बारीक असेल तर शंभर प्रतिसादांच्या आत तुटेल.

मागवाल्याचा_धाकटा (सोमवार, रात्री ९:२६)

साठचा आहे. ओढून बघा.

अर्धविराम (सोमवार, रात्री १०:०५)

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबण लागेल, आधीच माफी.

जीडीपी म्हणजे किती रुपयांची भर पडली त्याची बेरीज. ती किती हातांनी घातली हे त्यात दिसत नाही. एखादं सॉफ्टवेअर सेंटर आणि लाखभर माग सारखीच भर घालू शकतील, पण माणसं किती लागतील याचा विचार करा.

त्यात गंमत अशी की कागदावर बेकारीसुद्धा घटलीय. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत २०१७-१८ मध्ये बेकारीचा दर ६.१ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३.२. मग माग बंद पडल्यावर माणसं गेली कुठे? त्याच पाहणीत पुढचा तक्ता बघा. २०१८-१९ मध्ये एकूण कामकऱ्यांपैकी ४२.५ टक्के शेतीत होते. २०२३-२४ मध्ये ४६.१. शेतीतून कारखान्यात माणूस जातो हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवतो. इथे तो उलटा निघाला. लॉकडाऊनमध्ये गावी गेलेला नंतर पुरता परतलाच नाही.

गरीब माणसाला बेकार बसणं परवडत नाही. नोकरी गेली की तो भावाच्या दोन एकरांत तिसरा होऊन राबतो किंवा वडापावची गाडी टाकतो. दोन्ही नोंदी 'रोजगार' म्हणूनच होतात. त्यामुळे आपल्याकडे मंदी बेकारीच्या आकड्यात शोधू नये, मिळकतीत शोधावी.

सांजवेळ (सोमवार, रात्री १०:४८)

अर्धविराम सर, हे आमच्या घरातलंच बोललात.

माझी आई कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणारं सूत कांडीवर गुंडाळायची. इचलकरंजीतच, जवाहरनगरच्या बाजूला. सकाळी सातला जायची आणि येताना पदराला, केसाला सुताचा भुगा. आम्ही तिला 'म्हातारी आली' म्हणायचो. २०२० च्या मार्चमध्ये कारखाना बंद झाला. तो सुरू झाला तेव्हा मालकाने निम्मेच माग चालवले आणि कांडीला एकच बाई ठेवली. ती आई नव्हती.

आता ती घरी बसून परकराला नाडीपट्टी लावते, नगावर पैसे. कधी आठवडा भरून माल येतो, कधी पंधरा दिवस नाही. परवा कुणी घरी येऊन विचारलंच, तर आई म्हणेल, "करते की काम." खोटं नाही ते. पण कांड्या भरत होती तेव्हा हातात ठरलेला पगार यायचा, दिवाळीला बोनस यायचा. काम करणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं म्हणून सगळे खूश आहेत, त्यात माझी आई पण असणार.

अर्धविराम (सोमवार, रात्री १०:५९)

@सांजवेळ, अगदी. पंधरा वर्षांवरच्या बायकांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. यात मोठा वाटा स्वयंरोजगाराचा आणि घरच्या धंद्यात बिनपगारी मदतीचा आहे. तुमच्या आईंचं उदाहरण उद्या वर्गात सांगू का? नाव-गाव न घेता.

सांजवेळ (सोमवार, रात्री ११:०३)

सांगा की. म्हातारीचं तेवढं सांगू नका.

टोलनाका (मंगळवार, सकाळी ८:३१)

सकाळी सकाळी रडगाणं. साधा माग मिनिटाला शे-दीडशे पिकं मारतो, एअरजेट, म्हणजे हवेच्या झोताने धागा टाकणारा नवा माग, सहाशेच्या वर. कापड सारखं, डाग कमी. गिऱ्हाईक कुणाकडे जाईल? उगाच रिझर्व्ह बँक आणि जागतिक परिस्थितीला बोल लावू नका. १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला तेव्हा हातमागवालेही असेच रडले असतील. धाकटे, दादांना सांगा, बारा काय चोवीसही काढा आणि चार एअरजेट टाका.

मागवाल्याचा_धाकटा (मंगळवार, सकाळी ९:१०)

टोलनाका, दादाने चौकशी केली होती. बँकेने शेड, घर आणि गावाकडची जमीन मागितली. शिवाय एअरजेट लागला की कॉम्प्रेसर लागतो, वीज लागते, आणि तो दिवसरात्र चालवावा लागतो, नाहीतर हप्ता निघत नाही. दिवसरात्र चालवायला वर्षभराच्या ऑर्डरी लागतात. आमच्याकडे व्यापारी पंधरा दिवसांचीही खात्री देत नाही. साध्या मागाचं एक बरं असतं, काम नसलं तर बंद ठेवता येतो. हप्ता मागत नाही.

लेजरबुक (मंगळवार, दुपारी १:४०)

सहकारी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात, वस्त्रोद्योगाच्याच गावात. (कुठल्या बँकेत ते विचारू नये.) टोलनाका म्हणतात ते अर्धं खरं आहे. यंत्र जुनं झालं हे खरं. पण चाळीस वर्षांचं यंत्र २०१५ पर्यंत पोट भरत होतं आणि नंतर पाठोपाठ माना टाकू लागलं, ते काही एका रात्रीत गंजलं नाही.

मी खिडकीच्या आतून काय पाहिलं ते सांगतो. ८ नोव्हेंबर २०१६. त्या आठवड्यात कामगारांचा पगार करायला मागवाल्यांकडे नवीन नोटा नव्हत्या. आमच्या दारात दिवाणजींची रांग, प्रत्येकाच्या हातात पगाराची वही. पुष्कळांनी जुन्या नोटांत पगार केले, कामगारांनी घेतले, आणि मग तोच कामगार खाडा करून बँकेच्या रांगेत उभा. बिहार-ओडिशाचे बरेच जण गावी गेले. त्यातून सावरतोय तोवर १ जुलै २०१७ ला जीएसटी. कापडावर पाच टक्के, कृत्रिम सुतावर जास्त, आणि तो वरचा कर अंगावर अडकलेला. त्याचा परतावा मिळण्याची सोय झाली १ ऑगस्ट २०१८ पासून. मधल्या तेरा महिन्यांत ज्यांचं भांडवल अडकलं त्यांनी ते आमच्याकडून व्याजाने भरून काढलं.

व्याजाचं म्हणाल तर रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, मे २०२२ च्या सुरुवातीला चार टक्के होता, फेब्रुवारी २०२३ ला साडेसहा. नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के. महागाई आवरायला तो वाढवणं भाग होतं, नाही असं नाही. पण मोठा गिरणीवाला बाजारातून दुसरीकडून पैसा उभा करतो. छोट्याचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यात फिरवायचं कर्ज, त्याच महिन्यात महागतं. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो एक टक्क्याने उतरला, तेव्हा मात्र ती उतरंड छोट्याच्या खात्यापर्यंत यायला किती दिवस लागले ते आमच्या खातेदारांना विचारा.

आणि शेवटचा तडाखा मदत म्हणून आला. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च आयकरात दाखवता येणार नाही, असं कलम १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. हेतू सोन्यासारखा. पण कापडाच्या धंद्यात नव्वद दिवसांची उधारी म्हणजे रोखच समजतात. व्यापाऱ्यांनी काय केलं? "उद्यमचं सर्टिफिकेट असेल तर तुमचा माल नको." उद्यम म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी. लोकांनी त्या नोंदण्या रद्द करून घेतल्या. मी निवृत्त झालो होतो, तरी तीन जण घरी आले, नोंदणी कशी काढायची विचारायला. आयुष्यभर ती करा म्हणून मागे लागलो होतो मी!

बुचकळा (मंगळवार, दुपारी १:५२)

लेजरबुककाका, हा प्रतिसाद वाचताना चहा गार झाला. व्याज लावू नका.

शिरोलीकर (मंगळवार, संध्याकाळी ७:१५)

मी फाउंड्रीवाला, म्हणजे लोखंडाच्या ओतकामातला. मोल्डिंगला आहे, शिरोलीच्या एमआयडीसीत. आमच्याकडं माग नाहीत पण खेळ तोच.

२०१८ च्या गणपतीच्या आसपास मुंबईतली एक बडी वित्तसंस्था कर्जाचे हप्ते चुकवू लागली. पेपरात रोज फोटो. आम्ही म्हटलं, असूदे, आपला काय संबंध? आमच्या साहेबाने नंतर समजावून सांगितलं. ती बुडाली म्हणून सगळ्या फायनान्स कंपन्यांना पैसा मिळेना झाला. त्यांना मिळेना म्हणून गाड्यांना कर्ज मिळेना. कर्ज नाही म्हणून ट्रक, मोटारसायकल शोरूमला उभ्या. गाडी खपेना म्हणून चाकणवाल्यांनी प्लांट दोन-तीन दिवस बंद ठेवायला सुरुवात केली. आणि मग २०१९ च्या उन्हाळ्यात आमची तिसरी पाळी बंद. नोटीस लागली तेव्हा मी मेल्टिंगजवळ उभा होतो, एकसष्ट पोरं कमी केली त्या दिवशी. सगळी कंत्राटी, म्हणून कुठं नोंद पण नाही. मुंबईत कोण शिंकलं आणि ताप आला शिरोलीत.

आता ट्रॅक्टरचं बरं चाललंय, पाऊस चांगला झाला की आम्हाला ऑर्डर. फाउंड्रीत असून आम्ही जूनमध्ये ढगाकडं बघतो भावा.

कापूसकोंड्या (मंगळवार, रात्री ९:३०)

राजेहो, सगळे बोलले, ज्याच्यापासून सूत निघते त्याले कोणी विचारलं काय?

यवतमाळ जिल्हा, नऊ एकर, कोरडवाहू. २०२२ च्या मे महिन्यात रुईची खंडी लाखाच्या वर गेली. खंडी म्हणजे ३५६ किलो, शहरातल्या लोकांसाठी सांगतो. सरकारनं एप्रिलमध्येच आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढलं होतं, सूत स्वस्त व्हावं म्हणून. गिरण्या ओरडल्या, मागवाले ओरडले, सरकारनं ऐकलं. पण त्या मे महिन्यात कापूस कोणाच्या घरी होता? आमच्या तर नाही, आम्ही जानेवारीतच विकून मोकळे, पोरीचं लग्न होतं.

पुढच्या साली मात्र सगळ्या गावानं कापूस घरात भरून ठेवला. दहा-बारा हजार क्विंटल भाव येईन म्हणून. भाव आला सात-आठ हजार. घरात कापूस, अंगाले खाज, लेकरं खाजवून खाजवून बेजार. शेवटी दिला तसाच.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, त्याच महिन्यात आपल्या सरकारनं कापसाचं आयात शुल्क परत काढलं. म्हणजे कापड तिकडं जायचं अडलं, त्याची भरपाई आमच्या कापसातून. धाकटेभाऊ, तुमच्या दादाबद्दल वाईट वाटते, खरंच. पण दादाले सूत परवडावं म्हणून माझा भाव पडला पाहिजे, अन् माझा भाव चढला की दादा माग बंद करते. आपली दोघांची भांडणं लावून देणारा मधातच कुठंतरी बसला हाय.

मागवाल्याचा_धाकटा (मंगळवार, रात्री ९:५५)

हे मी दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्याकडे तर सूत स्वस्त झालं की व्यापारी मजुरी पण पाडतो. त्यांना सांग, आम्हालाही नाही मिळत ते."

टोलनाका (मंगळवार, रात्री १०:०२)

बांगलादेशात ऑगस्ट २०२४ ला सत्तापालट झाला तेव्हा सगळे म्हणत होते त्यांच्या ऑर्डरी इकडे येणार. आल्या का?

लेजरबुक (मंगळवार, रात्री १०:०६)

निघाल्यात म्हणे. पुणे-बेंगळुरू हायवेच्या कामात अडकल्या असतील.

मांडवीकाठ (बुधवार, सकाळी ७:४५)

गोव्यातून लिहितोय, डिचोली तालुका. थोडं विषयांतर होईल, पण होऊ दे.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आसपास चीनने मिळेल तेवढं लोखंडाचं खनिज उचललं. आमचं कमी प्रतीचं, ज्याला पूर्वी कुणी विचारत नव्हतं, तेही. शेजारच्या प्रत्येक घरात ट्रक आला. शेतं पडीक, भाऊ ट्रकवर, काका बार्जवर, काकी ट्रकवाल्यांना जेवण घालते. माझ्या वर्गातल्या पोरांनी बारावी अर्धी सोडली. शिकून मिळणार होतं त्याहून जास्त ट्रकच्या फेरीला मिळत होतं, मास्तर काय सांगणार? धूळ एवढी की तुळस लाल.

२०१२ ला खाणी बंद झाल्या. मधे काही काळ चालल्या, मग १६ मार्च २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. बेकायदा काम भरपूर झालं होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण खरं सांगायचं तर भाव आधीच उतरायला लागला होता. कोर्टाचा निकाल आला नसता तरी ते ट्रक कधीतरी उभे राहणारच होते. आमच्या अंगणात अजून एक आहे. त्यात कोंबडी अंडी घालते.

मला सांगायचंय ते एवढंच, की तेजीसुद्धा माणसाला कामातून उठवते. ट्रक आला म्हणून शेत गेलं, आणि ट्रक गेला तेव्हा शेत परत करता येईना, बांधावर खाणीची माती होती.

बुचकळा (बुधवार, सकाळी ८:१०)

पात्रांव, ऑम्लेट ट्रकछाप.

माणदेशी_मेंढका (बुधवार, दुपारी ३:२०)

आमच्याकडे ना माग, ना खाण, ना पाऊस. १९७२ च्या दुष्काळात आजीने खडी फोडली, सुकडी खाल्ली. त्याच काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर पसरली, १९७७ ला तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ ला देशाने तीच कल्पना उचलली. अर्धविराम सर सांगतीलच, मंदीत सरकारने खिशात हात घातला तर काय होतं ते.

पण मला दुसरंच सांगायचं होतं. आमच्या विटा-खानापूर-आटपाडी पट्ट्यातली पोरं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत, सोनं वितळवून शुद्ध करायच्या. माझा चुलतभाऊ कोईमतूरला असतो. एप्रिल २०२५ ला सोनं तोळ्याला लाखावर गेलं तेव्हा मला वाटलं, झालं, बसला धंदा. फोन केला तर गडी जेवायला रिकामा नव्हता! नवीन दागिना कुणी घेत नाही, पण जुनं मोडायला रांग. भाव पडला की सोनार खूश, चढला की गलाईवाला खूश. तेव्हा प्रत्येक तंगीत कुणाची तरी भट्टी पेटलेली असते, ती कुठे पेटलीय ते बघून पोरं पाठवायची, असं आमच्याकडे चालतं.

अर्धविराम (बुधवार, दुपारी ४:०५)

याला आम्ही चक्रविरोधी धंदा म्हणतो. 'कुणाची तरी भट्टी पेटलेली असते' हे जास्त चांगलं आहे, चोरतोय.

मूळ प्रश्नाकडे यायचं तर टोलनाक्यांच्या एका मुद्द्याला मान देतो, साधे माग कधी ना कधी जाणारच होते. मुंबईच्या गिरण्यांचंही तसंच. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि गिरण्यांचं जे काम गेलं त्यातलं पुष्कळ भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला आलं. धाकटे, तुमच्या वडलांनी १९८६ ला चार माग टाकले ते कुठल्या लाटेवर, हे विचारा कधीतरी. पण तेव्हा लालबागचं गेलेलं काम राज्यातच दुसरीकडे उगवलं होतं. आत्ता इचलकरंजीतलं जातंय ते कुठे उगवतंय, ते मला दिसत नाही.

मागवाल्याचा_धाकटा (बुधवार, रात्री ९:४०)

सर, बाबांना विचारलं. म्हणाले, पहिले चार माग घ्यायला ते ज्याच्याकडे गेले तो माणूस परळच्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम होता. संपानंतर गावी आला आणि जुन्या मागांची दलाली करायचा. "तो माग जोडताना रडत होता, मला वाटलं डोळ्यात तेल गेलं," असं म्हणाले. हे त्यांनी आम्हाला आजपर्यंत कधी सांगितलं नव्हतं.

दादाने आज सगळा धागा वाचला, शेडमध्ये बसून. बारा माग चालू होते, मागे खटखट ऐकू येत होती. वाचून त्याने एकच प्रश्न विचारलाय, तोही शिरोलीकरांना. मागाचा सांगाडा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असतो, तो भंगारवाला शेवटी फाउंड्रीतच नेऊन घालतो ना? मग आत्ता भाव काय चाललाय?

बुचकळा (बुधवार, रात्री ९:४४)

बीडचं भंगार? तिकडे तर ऊसतोडीला माणसं... बरं बरं, बिडाचं. गप्प बसतो.

शिरोलीकर (बुधवार, रात्री १०:३०)

हो, आमच्याकडंच येतं की. मागाचं बीड चांगलं असतं, भट्टीला लगेच लागतं. परवाच एक ट्रक आला, तुकड्यावर अजून तेल होतं.

दादांना सांगा, भंगारवाल्याला एवढ्यात फोन करू नका. पाऊस लागलाय. ट्रॅक्टरची ऑर्डर वाढली की भंगाराचा भाव किलोमागं दोन-तीन रुपये चढतो, दसऱ्यापर्यंत बघा. आणि तोवर माग चालतायत तर चालू दे.